'नाही' आणि 'नव्हे'

मराठीत नकाराला एक शब्द पुरत नाही. 'नको'मध्ये इच्छेचा नकार आहे, 'नये'मध्ये औचित्याचा, 'नाही'मध्ये अस्तित्वाचा आणि 'नव्हे'मध्ये तादात्म्याचा. 'येथे चिंच नाही' या विधानातून उणीव कळते. 'ही चिंच नव्हे' म्हटले की समोर काही आहे, पण ते दुसरे आहे, हे कळते. न्यायदर्शनाने पहिल्याला संसर्गाभाव आणि दुसऱ्याला अन्योन्याभाव म्हणून वेगळे ठेवले. आजच्या बोलण्यात मात्र 'नव्हे' मागे सरले असून त्याचे काम 'नाही'च करते. भूतकाळात तर दोन्ही नकार 'नव्हता' या एकाच रूपात मिसळतात.

व्याकरणाला ही सोय वाटेल. तिची किंमत चिंचपाड्यासारख्या ठिकाणी कळते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव मावचीच्या प्रदेशात येते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ साली मावचीची नोंद भिल्ल भाषांच्या खंडात केली. म्हणजे मावची ही मराठी नव्हे, एवढे तरी जुने आहे.

अशा प्रदेशातल्या पहिलीच्या वर्गात चिंचेचे चित्र दाखवले जाते. मूल आपल्या घरचा शब्द उच्चारते. शिक्षक म्हणतात, 'नाही.' शिक्षकांच्या मनात अन्योन्याभाव असतो : हा मराठी शब्द नव्हे. मुलाच्या कानी मात्र संसर्गाभाव पडतो : असा शब्दच नाही. दुसऱ्या दिवशी ते गप्प बसते आणि 'याला भाषा येत नाही' हा शेरा तयार होतो.

वस्तुतः या मुलाला मराठी न येणे हा प्रागभाव होय. त्याला आरंभ नसतो, पण अंत असतो. शिकण्याने तो संपतो. शेऱ्यात तो अत्यंताभाव होऊन बसतो, तिन्ही काळांत न हटणारा. या समजुतीपोटी घरानेही आपली भाषा मुलाशी बोलणे सोडले, तर पुढे उरतो तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ असतो, अंत नसतो.

'हे मराठी नव्हे. घरी याला असे म्हणतात, मराठीत चिंच म्हणतात' असे शिक्षकांनी म्हटले, तर नकार तोच राहतो. पण वर्गात दोन भाषा आहेत, हे त्या वाक्यानेच मान्य केलेले असते.