भिंतीवरचा कागद

आमच्या देवळाला लागून पडवीवजा एक खोली आहे. पूर्वी तीत मोडकी बाके आणि मिरवणुकीचे खांब ठेवीत असत. आता तेथे दोन लोखंडी कपाटे, एक लांब मेज आणि भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या चटया आहेत. दारावर खडूने लिहिले आहे: ‘वाचनालय. वर्गणी नाही, अनामत नाही.’ गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, रानाच्या कडेला वसलेले. गोव्याची हद्द येथून फार दूर नाही.

वर्गणी न घेण्याविषयी आरंभी पुष्कळ वाद झाला. ‘फादर, फुकट दिलेले पुस्तक चुलीत जाते,’ असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस बजावले होते. प्रत्यक्षात इतक्या वर्षांत तीन पुस्तके हरवली, आणि त्यांतील एक आमच्याच हातून हरवले, हे येथे कबूल करणे भाग आहे.

मोफत वाचनालय ही कल्पना काही आमची नव्हे. बडोद्याच्या वाचकांस हे सांगणे म्हणजे समुद्राला मीठ विकणे होय. तरी इतरांसाठी सांगतो. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून आपल्या राज्यात मोफत वाचनालयांची योजना सुरू केली. गावच्या वाचनालयासाठी गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, म्हणजे दुसरा हिस्सा प्रांताने व तिसरा सरकारने घालावा, अशी रीत होती. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. आम्हांस सर्वांत आवडते ती गोष्ट निराळीच. ज्यांस अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी त्या खात्याची दृश्यशिक्षणाची एक शाखा होती, आणि ती खेडोपाडी जादूच्या कंदिलाची चित्रे व चलच्चित्रे विनामूल्य दाखवीत असे. न वाचणाराही वाचनालयाचा मालकच आहे, हे त्या मंडळींनी ओळखले होते. आम्हांस ते ओळखावयास उशीर लागला.

२०१६ साली आम्ही या धर्मग्रामात साहाय्यक म्हणून होतो. वाचनालय आमच्याकडे, आणि तरुणांचे नाट्यमंडळही आमच्याकडे. उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट झाली की ख्रिस्तपुराणातील ओव्या म्हणावयाच्या आणि मग प्रभूच्या दुःखसहनाच्या नाटकाची तालीम, असा क्रम असे. फादर स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. चारशे वर्षे झाली, तरी आमच्या गावातील ज्या म्हाताऱ्यांना सही करता येत नाही त्या पुढची ओवी आपण होऊन उचलतात. या संध्याकाळी अंगणात बसावयास जागा उरत नसे. वाचनालयात मात्र शाळकरी मुले, शिक्षक व दोघे तिघे पेन्शनर, एवढीच वर्दळ.

ओव्यांच्या आधी पाच मिनिटे आठवड्याच्या वार्ता वाचून दाखवण्याची प्रथा आम्हीच पाडली होती. त्यांत आरोग्यवार्ताही असत. त्या वर्षी नाट्यमंडळातील मुलांनी तक्रार केली. गोवर, अतिसार, डासांची पैदास हे ऐकून मंडळी कंटाळतात, ओव्यांचा रंग जमत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हांसही ते मनातून पटले होते. वार्ता बंद झाल्या. कात्रणे भिंतीवर लावू लागलो, आणि आपले काम झाले असे समजलो.

फेब्रुवारीत असेच एक कात्रण आम्ही लावले. आदल्या वर्षी गोव्यात सत्तरीतील पाली गावी आढळलेला माकडताप आता सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात दिसू लागला आहे, अशी ती बातमी होती. हा ताप आमच्याच राज्यातला. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली, मागोमाग माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. तो पसरतो रानातल्या गोचिडीच्या चाव्याने. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, पाचोळा सुकलेला असतो तेव्हा, त्याचा जोर. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात.

आता आमच्या गावची रीत ऐका. काजूचा हंगाम आला की येथील कितीतरी घरांना कुलपे लागतात. जोडप्यांची जोडपी सत्तरीकडे काजूच्या बागांत कामाला जातात, पाचोळ्यावर बसतात, त्यावरच निजतात. कात्रण ज्यांच्यासाठी होते ते हे लोक. ते शुक्रवारी आमच्यासमोर अंगणात बसलेले होते आणि कात्रण पंधरा पावलांवर, भिंतीवर होते.

नाटकात सिमोन कुरेनेकराचे काम करणारा आमचा एक धट्टाकट्टा धर्मग्रामवासी सपत्नीक असाच गेला होता. झावळ्यांच्या रविवारी नाटकासाठी तो परत आला, तो तापाने फणफणलेला. डोके फुटते आहे, पाठ व पोटऱ्या कोणी काठीने झोडपल्यासारख्या दुखताहेत, असे म्हणे. घरच्यांनी मलेरिया समजून दुकानातून गोळ्या आणल्या. बुधवारी रुग्णाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे आले. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. हातात तेलाची कुपी असताना आम्हांस ते कात्रण आठवले, ओळीन् ओळ आठवली. त्याच रात्री जीप करून त्यास इस्पितळात नेले.

या तापावर खास असे औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्राव सांभाळणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. रक्ताच्या तपासणीत माकडतापच निघाला. गोव्याच्या काजूबागांतून बेळगाव जिल्ह्यात परतलेल्या आणखीही मजुरांत तो त्या वर्षी आढळला. आमचा सिमोन वाचला. परंतु अंगात ताकद येण्यास पावसाळा उजाडला, आणि त्या वर्षीचा क्रूस त्याच्या धाकट्या भावाने उचलला.

तो घरी आल्यावर भेटावयास गेलो, तेव्हा त्याची बायको उंबऱ्यात बसून तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘फादर, त्यो कागुद तुमच्या भिंतीवर हुता म्हणं. मग आम्हास्नी का सांगितला न्हाई?’ ओव्यांचा रंग बिघडतो म्हणून, हे उत्तर आमच्या जिभेवर आले नाही. त्याहून बरे दुसरे उत्तर आम्हांजवळ नव्हते.

पश्चात्तापाच्या भरात आम्ही एका मोठ्या फळ्यावर रंगाने सूचना लिहिल्या. रानात जाताना अंगभर कपडे घालावे, आरोग्यकेंद्रात मिळणारे गोचीडरोधक तेल हातापायांस लावावे, पाचोळ्यावर बसू नये, परत आल्यावर गरम पाण्याने व साबणाने स्नान करून कपडेही गरम पाण्यात धुवावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्यकेंद्रास कळवावे. आणि शेवटी: लस टोचून घ्यावी. पुढे आमची बदली झाली.

२०२३ साली मुख्य धर्मगुरू म्हणून आमची पाठवणी पुन्हा येथेच झाली. फळा जागच्या जागी होता. आमच्या हस्ताक्षराला गावाने मोठा मान दिला होता. पण लोकांस दिली जाणारी ती जुनी लस पुरेशी परिणामकारक नाही असे आढळल्याने २०२२ सालीच बंद करण्यात आली होती. नवीच्या चाचण्या तेव्हा व्हावयाच्या होत्या. फळ्यावर विसंबून गावची दोन पोरे रोज बुडवून लसीसाठी आरोग्यकेंद्रात गेली व रिकाम्या हातांनी परतली, असे कळले. कपाटातले ख्रिस्तपुराण चारशे वर्षांनीही ताजे आहे; आमचा फळा सात वर्षांत नासला. ती ओळ आम्ही त्याच दिवशी रंगाने बुजवली.

आता वार्ता पुन्हा ओव्यांच्या आधी होतात. नाट्यमंडळाने त्यावर ताण केली आहे: काजू वेचणारी बाई, तिचा आळशी नवरा व एक गोचीड, असा छोटा प्रवेश त्यांनीच बसवला. गोचिडीचे काम करणारा मुलगा इतका हसवतो की पुढे ओव्यांना गंभीर होणे जड जाते. जुन्या मंडळींची त्यावर कुरकुर आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. २०२४ च्या आरंभी कर्नाटकात हा ताप पुन्हा उसळला, मृत्यूही झाले. त्या वर्षी तो प्रवेश तीन शुक्रवार केला.

सिमोनची बायको पुढच्या चटईवर बसते. वाचता तिला अजून येत नाही. आम्ही कागद हाती घेतला की ती आधी विचारते, ‘फादर, ह्यो कागुद कवाचा?’ मग आम्ही कागद दिव्याजवळ धरतो आणि पहिल्याने तारीख वाचतो.