बाळंतिणीच्या उशाशी

कोणाच्या घरी पाळणा हलला की पूर्वी पहिला प्रश्न असे, 'मुलगा की मुलगी?' अलीकडे आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात ऐकू येणारा प्रश्न निराळा आहे : 'नॉर्मल की सिझर?' उत्तर 'सिझर' असे आले तरी ऐकणारा आता चकित होत नाही. 'डॉक्टरांना पैसा हवा, दुसरे काय!' असा निकाल देऊन मंडळी प्रसाद घेऊन उठतात. सिल्वासास आल्यापासून गेल्या चाळीसएक वर्षांत आम्हीही हा निकाल अनेकदा दिला आहे. तो निदान अर्धा तरी परत घ्यावा, एवढ्याचसाठी आजचा हा लेखनप्रपंच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील दर शंभर प्रसूतींपैकी सुमारे २१.५ शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. २००५-०६ साली हाच आकडा ८.५ होता. आपल्या गोमंतकात तर तो ३९.५ पर्यंत गेला आहे. देशातील खाजगी रुग्णालयांत शंभरात ४७ आणि सरकारी रुग्णालयांत १४ असे प्रमाण पडते. तेव्हा पैशाचा आरोप खाजगीपुरता अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु सरकारी रुग्णालयाचे काय? २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये तेथे शस्त्रक्रियेची प्रसूतीदेखील विनामूल्य आहे. पोट कापले म्हणून तेथील डॉक्टरांचे वेतन वाढत नाही, न कापल्याने घटत नाही. तरीही मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण त्या १४ च्या सरासरीहून पुष्कळ अधिक दिसते. ते का?

ह्याचे उत्तर आम्हांस आमच्याच घरात सापडले. काही वर्षांपूर्वी आमची सून पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली होती. तेथल्या सरकारी रुग्णालयात तिला सायंकाळी नेले. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या सहा-सात जणी आणि त्यांच्यामागे धावणारी परिचारिका एकच. घरच्या कोणासही आत मज्जाव. आम्ही नऊ माणसे बाहेरच्या पडवीत उभी. आतून किंकाळी आली की प्रत्येकास ती आपल्याच मुलीची वाटे. मध्यरात्र उलटली तसा आमचा धीर सुटला. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, 'सारे ठीक आहे, अजून वेळ लागेल.' त्यावर आम्ही, म्हणजे वयाने सर्वांत वडील असलेल्या ह्या लेखकानेच, आवाज चढवून म्हटले, 'वेळ कसला लावता? काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? काय ते एकदाचे करून टाका!' तासाभरात चिरंजिवांनी कागदावर सही केली आणि पहाटे नात जन्मास आली. आम्ही पेढे वाटले आणि पुढे महिनाभर त्या रुग्णालयास नावे ठेवली.

म्हणजे ती शस्त्रक्रिया मागितली आम्ही आणि दोष दिला डॉक्टरांस. दर चार नातेवाइकांमागे एकजण असाच ओरडत असेल, कोर्टाची किंवा हाणामारीची धमकी देत असेल, तर त्या एकट्या तरुणाने कोणता मार्ग धरावा? शस्त्रक्रिया केल्याबद्दल त्यास सहसा कोणी जाब विचारीत नाही. थांबल्याबद्दल मात्र विचारतात. नैसर्गिक प्रसूतीस लागते ती मुख्यतः वाट पाहण्याची ताकद आणि ती ताकद म्हणजे माणसे. प्रत्येक बाळंतिणीपाशी कोणीतरी बसलेले हवे. माणसे नसली की त्यांची जागा यंत्र घेते. बाळाच्या हृदयाचे ठोके अखंड टिपणारे यंत्र पुष्कळदा विनाकारणही धोक्याची सूचना देते आणि पाऊल शस्त्रक्रियागृहाकडे वळते. रात्री भूलतज्ज्ञ मिळेल की नाही ह्याची खात्री नसेल, तर डॉक्टर सूर्यास्तापूर्वीच निर्णय उरकतात. पायाळू मूल हातांनी सोडविण्याची विद्याही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर मागे पडली. नव्या डॉक्टरांस ती पाहावयासही क्वचितच मिळते.

आमच्यासारख्या देवळात जाणाऱ्यांचाही ह्यात थोडा वाटा आहे. पंचांग पुढ्यात घेऊन शस्त्रक्रियेचा मुहूर्त विचारणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. जन्मवेळेवरून पत्रिका मांडावयाची. ती वेळच आपण ठरविली, तर पत्रिका बाळाची मांडावयाची की आजोबांच्या हौसेची?

तथापि ह्या साऱ्यावरून शस्त्रक्रियाच वाईट, असे म्हणणे मोठा अन्याय होईल. ह्या प्रदेशात राहणाऱ्यास तर ते मुळीच शोभणार नाही. दादरा-नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, तेव्हा डोंगराळ पाड्यांवरील वारली-कोकणा बाईचे मूल आडवे आले, तर तिने जावे कोठे? आज खानवेलपलीकडची अडलेली बाई वाहनाने सिल्वाशाच्या रुग्णालयात येते. अंगात रक्त कमी, कोणास सिकलसेलचा आजार. अशा साऱ्या अवघड बाळंतिणी एकाच ठिकाणी जमल्या, तर तेथला आकडा वाढणारच आणि तो वाढण्यात कित्येकींचे प्राण वाचलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली शंभरात १० ते १५ ही मर्यादा सांगितली होती. २०१५ साली तिनेच स्पष्ट केले, की एखादा ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा, जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळते की नाही, हे पाहावे. प्रश्न आकड्याचा नव्हे, गरजेचा आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेचे ऋण दुसऱ्या खेपेस फेडावे लागते. सुनेस पुन्हा दिवस गेले तेव्हा ती येथेच राहिली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितले : एकदा सिझर झालेल्या, पण नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभरजणींपैकी ६० ते ८० जणी सुखरूप मोकळ्या होतात, परंतु दोनशेंत एखादीचा जुना व्रण फाटण्याचे भय असते, म्हणून रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह रात्रंदिवस सज्ज हवे. जेथे ते नसते, तेथे दुसरी शस्त्रक्रिया आधीच ठरून जाते. मोठ्या रुग्णालयांतील वाढत्या आकड्याचा बराच भाग अशा 'मागे एकदा कापलेल्या' स्त्रियांचाच असतो.

सुनेने प्रयत्न करावयाचे ठरविले. प्रसूतीच्या वेळी सोबत एक स्त्री असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांस कळविले आहे. फोंड्याहून आमच्या वडील भगिनी माई आल्या आणि त्या आत बसल्या. आम्हांस त्यांनी घरी पाठवून दिले. नऊ तास त्या उशाशी होत्या, पाठ चोळीत, घोट घोट पाणी पाजीत, आणि पुनःपुन्हा एकच सांगत : "बाये, भियेनाका, हांव हांगाच आसां."

नवव्या तासास बाळाचे ठोके मंदावले आणि सावरेनात. डॉक्टरीणबाईंनी सुनेस विचारले, कारण सांगितले आणि शस्त्रक्रिया केली. नातू सुखरूप आहे.

म्हणजे शेवटी आकडा एकाने वाढलाच. परंतु तिसऱ्या दिवशी सून आमच्या सौभाग्यवतींस म्हणाली, "आई, ह्या वेळी का कापले ते मला कळले. मागच्या वेळी मला कोणी विचारलेच नव्हते." आम्ही दाराशी उभे होतो. विचारले नव्हते ते आम्हीच.

सरकारने परिचारिका वाढवाव्यात, भूलतज्ज्ञ नेमावेत, हे आपण मागावे आणि मागत राहावे. परंतु तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. घरात बाळंतपण आले, की माईंसारखी एक शांत, अनुभवी स्त्री आत पाठवावी आणि आमच्यासारख्या बाकीच्या आठांनी पडवी मोकळी करून घरी जावे.