नव्व्याण्णव वर्षांचं घर

नैरोबीत फ्लॅट घ्यायचा तर दिवाणखाना नंतर, आधी कागद पाहायचा, हे आम्ही ठरवूनच बाहेर पडलो. १८९९ साली रेल्वेच्या तळाभोवती वसलेलं हे शहर आता उंच वाढतंय. पाया खणण्याआधीच नकाशावरची घरं विकली जातात. एका बिल्डरने लिफ्ट, गच्ची, बोअरवेल सगळं रंगवून सांगितलं. जमिनीचा कागद मागितला तेव्हा मात्र चहा मागवला. आम्ही उठलो. कोकणातला वाटा विकून आलेला पैसा होता तो.

२०२०च्या कायद्यामुळे इथे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मालकीपत्र मिळू शकतं. तसंच घर शोधलं. भूमी कार्यालयात नोंद तपासली, मग चार टक्के मुद्रांक शुल्क भरलं. व्याज नको म्हणून दोन खोल्यांवर भागवलं. मात्र २०१०च्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी माणसाला जमीन जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या पट्ट्यानेच मिळते.

अम्मीला ते खटकलं. "म्हणजे आपलं नाहीच?"

"अम्मी, गावचं घर तरी पणजोबांनी सोबत नेलं का?"

ती काही बोलली नाही. गावी जन्मभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढलेल्या अम्मीने किब्ला विचारून घेतला आणि उत्तरेकडे मुसल्ला अंथरला.