दारची जास्वंद आणि रानातली कपाशी

धुळ्याहून जळगावला एस.टी.ने निघालं, की वाटेत पारोळा, एरंडोल लागतं. पावसाळ्याच्या शेवटी गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीच कपाशी! आणि गाव आलं, की कुणाच्या ना कुणाच्या अंगणात जास्वंद. गणपतीला लाल फूल हवंच ना!

मुलांनो, जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या, हे ठाऊक आहे का? भेंडीही त्यांचीच बहीण. तिघींची फुलं शेजारी ठेवून बघा, लगेच पटेल. हे नातं एका किडीलाही चांगलं ठाऊक आहे. तिचं नाव पिठ्या ढेकूण.

शेंड्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं ना, तोच हा! पांढरं दिसतं ते त्याच्या अंगावरचं मेण. तो रस शोषतो. मग पानं आकसतात, झाड चिकट होतं, त्यावर काळी बुरशी चढते.

कपाशीवरचा पिठ्या ढेकूण मूळचा अमेरिकेतला. १८९८ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. आपल्या देशात २००५-०६ च्या सुमारास त्याने गुजरात, पंजाबकडच्या कपाशीचं फार नुकसान केलं. मादीला पंख नसतात. मग ही कीड पसरते कशी? इवली पिल्लं वाऱ्यावर उडतात, कपड्यांना चिकटतात, रोपांबरोबर गावोगाव जातात. गोड चिकट्यासाठी मुंग्याही त्यांची राखण करतात.

कपाशी वेचून झाली, की पऱ्हाटी उपटतात. जास्वंद मात्र बारमाही हिरवी, म्हणजे किडीला धर्मशाळाच! बांधावरचं गाजरगवतही तसंच.

मग धोका किती? घाबरू नका, मोजा. वही घ्या, आळीतल्या दहा जास्वंदी पाहा. किती झाडांवर कीड आहे? एकाच शेंड्यावर, की खोडापर्यंत? मुंग्यांची रांग आहे? जवळ कपाशी किंवा भेंडी आहे? कीड थोडी असेल, तर मोठ्यांकडून शेंडा कापून घ्या आणि पिशवीत घट्ट बांधा. उकिरड्यावर फेकू नका.

आणखी एक बघा. काही ढेकूण तपकिरी, टणक झालेत का? त्यांना बारीक भोक आहे का? मग एनॅसिअस नावाची चिमुकली माशी तिथे येऊन गेली! ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. २००८ च्या सुमारास ती आपल्या देशातल्या शेतांत आढळली. अशा वेळी फवारणीची घाई नको, विषाने ही मैत्रीणही मरते.

अंगणातली जास्वंद अशी तपासलीत, तर रानातल्या कपाशीचीही राखण होईल. चला तर, या रविवारी वही घेऊन निघा!