गळ आणि अबोला

कार्प माशाला नद्यांची राणी म्हणणारा आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ सालीं प्रथम निघाला. आमच्या तळ्यांतला रोहू त्याच कुळांतला. वॉल्टन आम्हीं वर्गांत वीस वर्षें शिकविला. गळ मात्र हातीं धरला परवाच्या रात्रीं, तोहि एका जुन्या स्नेह्याशेजारीं बसून. त्याच्याशीं आमचा सहा महिन्यांचा अबोला! गळ टाकल्यावर बोलायचें नसतें, ही केवढी सोय!

कणकेची गोळी लावून तीन तास बसलों. अखेर दोरी ताणली, आम्ही गोंधळलों.

"अरे, ढील दे, ढील!" स्नेही ओरडला.

मासा निसटलाच. जबड्यांत दांत नसून घशांतल्या दांतांनीं चावणारा तो प्राणी आमची कणीक मात्र घेऊन गेला. स्नेह्यानें नवी गोळी वळून आमच्या हातावर ठेवली.