काकूंची किल्ली

मुधोळच्या आमच्या वाड्यात देवघराशेजारच्या फडताळाला कायम कुलूप असे. आत दागिने नव्हते. चुलतभावाच्या गोळ्या होत्या. ऐंशीच्या दशकात पुण्यास शिकायला गेलेला हा मुलगा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडला. अशांसाठीच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली तेथे ‘मुक्तांगण’ उभे केले. आमचा भाऊ मात्र पुष्कळ उशिरा, गावी परतल्यावर, ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिरावला. हे औषध अफूच्याच गोत्रातले. पण मेंदूतील तीच जागा अडवून ते तलफ शमवते आणि नेमाने घेतले तर झिंग आणत नाही.

गोळी जिभेखाली पुरती विरघळेपर्यंत काकू रोज सकाळी त्याच्यासमोर बसून राहत. कमरेची किल्ली झोपेतही सुटत नसे. बासर इतके जवळ. पण सरस्वतीच्या दर्शनाला जाऊन त्या एक रात्रही तेथे राहिल्या नाहीत.

२०१७ साली अमेरिकेत याच औषधाच्या, महिन्यातून एकदाच घ्यावयाच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पोटाच्या कातडीखाली त्याची गाठ बनते आणि औषध महिनाभर हळूहळू पाझरते. हे वाचले तेव्हा काकू हयात नव्हत्या. भावाला सांगितले, तर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तसं असतं, तर सकाळी आई माझ्याशी दुसरं काहीतरी बोलली असती.”