टेरी मेली, आणि प्रेक्षक भडकले

२१ मे २००२. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘२४’ या मालिकेचा पहिला हंगाम संपत होता. मालिकेचा नायक, दहशतवादविरोधी एजंट जॅक बावरने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार डेव्हिड पामरला वाचवलं, त्याची स्वतःची मुलगीही सुटली. घरोघरचे प्रेक्षक सोफ्यावर जरा सैलावले. तेवढ्यात जॅकच्याच कार्यालयातल्या एका खोलीत त्याची गरोदर बायको टेरी खुर्चीला बांधलेली सापडली, पोटात गोळी घातलेली. मारणारी नीना, जॅकची विश्वासू सहकारी. पडद्यावर एरवी टिकटिकणारं घड्याळही त्या रात्री गप्प होतं.

कुणी हळहळलं, कुणी चिडलं. टेरी वाचते असा शेवटही चित्रित झाला होता, पण निर्मात्यांनी तो बाजूला ठेवला. बरंच केलं, गोड शेवट असता तर आज त्याची आठवण कुणी काढली असती?

पुढे जॅक संशयितांचे हाल करून माहिती काढू लागला, तेव्हा मात्र वेगळाच प्रेक्षक धास्तावला.

वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे ब्रिगेडिअर जनरल पॅट्रिक फिनेगन २००६च्या नोव्हेंबरमध्ये थेट चित्रीकरणस्थळी पोहोचले. छळ चुकीचा आहे हे कॅडेटांना पटवताना ही मालिका आडवी येते, अशी त्यांची तक्रार. गणवेशातल्या जनरलना पाहून तिथल्या कुणाला वाटलं, हा नटच. शूटिंगला किती वाजता बोलावलंय, असं त्यांनाच विचारलं गेलं!